पाठवणाऱ्याचा प्रदेश

सांगली, रविवार, ११ जानेवारी

शिवतेज,

आधी काय घडलं ते क्रमाने.

१. मंगळवारी आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची, 'थॉर्नमार्क ३'ची, आगाऊ नोंदणी सुरू झाली.

२. त्याच दिवशी भारतातल्या किमतीवरून फोरमवर भांडण पेटलं. कंपनीने भारतासाठी वेगळा दर न ठेवता डॉलरचे सरळ रुपये केले होते.

३. शुक्रवारी कंपनीने चूक मान्य केली आणि भारताचा दर निम्म्यावर आणला.

४. शुक्रवारीच, दर उतरल्यानंतर, मला भेट आली. थॉर्नमार्क ३, पाठवणारा तू. सोबत ओळ : 'ताई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. दलदल तुझी, किल्ले माझे.'

५. माझा वाढदिवस शुक्रवारी होता. हा मुद्दा फक्त नोंदीसाठी.

६. मी 'स्वीकारा' दाबलं. भेट विनातक्रार माझ्या खात्यात बसली.

७. तू जर्मनीत आहेस.

सहा आणि सात एकत्र बसत नाहीत.

नियम तुला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे नंतर 'मला वाटलं' असं व्हायला नको. खेळ विकणारं हे ऑनलाइन स्टोअर प्रत्येक देशाला वेगळा दर लावतं. जिथे खेळ स्वस्त आहे तिथून विकत घेऊन लोक महाग देशात विकायला लागले, तेव्हापासून भेट एकाच दर-विभागात देता येते. जर्मनीच्या खात्यातून भारताच्या खात्यात जात नाही, इकडून तिकडेही जात नाही. तुझी भेट आली. म्हणजे ती भारतात, भारताच्या दराने घेतली गेली.

मी सध्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर तपासते, हे आईने सांगितलं असेल. आपल्याकडचा ऊसवाला एका काट्यावर विश्वास ठेवत नाही. कारखान्याने काटा मारला तर कळावं म्हणून तो भरलेली ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर चढवतो, मग कारखान्याच्या. दोन आकडे जुळले तरच गप्प बसतो. माझी नोकरी त्याच संशयावर चालते. म्हणून मीही दुसरा काटा शोधला. ऑफिसातल्या मुकुलची बहीण अश्लेषा म्युनिकला असते. तिला मी एक साधा, स्वस्त पत्त्यांचा खेळ मला भेट पाठवायला सांगितलं. स्टोअरने नाकारला. कारण दाखवलं : 'पाठवणाऱ्याचा प्रदेश वेगळा आहे.' तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तेव्हा मला तीन शक्यता दिसतात. तुझं खातं दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं आहे. तसं असेल तर 'किल्ले माझे' हे त्याला कुणी सांगितलं? किंवा तू इथल्या कुणाकडून भेट घेववलीस. मग तुझं खातं भारताचं कसं? तिसरी शक्यता मी लिहीत नाही. ती तू लिहावीस.

हे एवढ्यासाठी महत्त्वाचं आहे की आईचा पासपोर्ट आला. पोलीस चौकशीला हवालदार घरी आला होता. त्याने विचारलं, कुठं निघाला मावशी? आई म्हणाली, लेकाकडं. देश कुठला, तर म्हणाली, "त्येवढं रेश्माला ठावं हाय. मला लेक ठावा हाय." हवालदाराने चहा घेतला आणि शेरा चांगला दिला.

मुंबईच्या व्हिसा केंद्रात तिची वेळ १८ फेब्रुवारीची मिळाली आहे. तिथे तिला बोटांचे ठसे द्यायचे आहेत आणि मी मुलाकडे राहायला जाते आहे असं सही करून सांगायचं आहे. तुझ्याकडून तिथल्या कार्यालयाचं हमीपत्र यायचं आहे. तू ते दिवाळीपासून पाठवतो आहेस.

मी घरी काही बोललेले नाही. खेळ खुला झाला तरी सुरू करणार नाही. मेलवर लिहिते आहे, कारण व्हॉट्सॲपवर तू हसरा चेहरा टाकून मोकळा होतोस.

रेश्मा


सांगली, सोमवार, १९ जानेवारी

शिवतेज,

मेलला उत्तर व्हॉट्सॲपवर आलं आणि त्यात हसरा चेहराही आला. तू लिहिलंस की व्हीपीएन लावून भारताचा दर घेतला, तिकडे राहणारी सगळी पोरं तेच करतात, आणि ताई तू पोलिसांत कधी भरती झालीस.

उत्तर चांगलं आहे. चोरी कबूल करून खोटं लपवायचं, ही पद्धत मला आवडली. पण ते टिकत नाही.

व्हीपीएनने तू कुठून बघतो आहेस ते बदलतं. पैसे कुठून आले ते बदलत नाही. भारताचा दर हवा असेल तर स्टोअरला भारतातलं पैसे भरण्याचं साधन लागतं, आणि त्याला इथला चालू मोबाइल नंबर लागतो. तुझा इथला नंबर आईच्या बटणांच्या फोनमध्ये आहे. आबा दर वेळी म्हणतात की बंद करून टाक. आई रिचार्ज मारते. 'पोराचा नंबर मरू द्यायचा न्हाई' असं तिचं म्हणणं. त्या फोनवर ९ तारखेला कुठलाही मेसेज आलेला नाही. मी बघितला. म्हणजे तुझ्याकडे दुसरा नंबर आहे, आणि तो इथला आहे.

दुसरं. किमतीवरून भांडण झालं तेव्हा फोरमवर सगळ्यात लांब टिपण तुझं होतं. नाव बदललंस तरी 'पलूसच्या पोराने आठवडाभर राबायचं आणि म्युनिकच्या पोराने एका सकाळीत घ्यायचं, हा कुठला एकच दर?' हे वाक्य तू सोळाव्या वर्षापासून म्हणतो आहेस. फरक एवढाच की तेव्हा म्युनिकच्या जागी न्यूयॉर्क होतं. टिपण पटण्यासारखं होतं. कंपनीने दर उतरवला त्यात त्याचाही वाटा असेल. पण ज्याला युरोत पगार मिळतो तो रुपयांतल्या दरासाठी रात्रभर भांडत नाही. ज्याला रुपयांत द्यायचे असतात तो भांडतो.

तिसरं. काल घरी माझ्या फोनवरच्या व्हिडिओत आई तुला बर्फ दाखव म्हणाली, ते तिला मी सुचवलं होतं. तू म्हणालास, खिडकी मागच्या बाजूला आहे, फोन चार्जिंगला आहे, वायर पुरत नाही. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, वायर कशाला ताणतूस." तुझ्या मागे तीच पांढरी भिंत होती. अडीच वर्षांत त्या भिंतीवर तू एक खिळासुद्धा मारलेला नाहीस. घरमालक मारू देत नाही असं तू एकदा म्हणाला होतास. तेव्हा मी ते मानलं होतं.

मी तुझी बाजू घेऊनही विचार केला. समज, तुला फसवून कुठे ठेवलं आहे, बोलायला कुणी शिकवतं आहे. असे प्रकार पेपरात येतात. दोन दिवस मी त्या बाजूने बघत होते आणि जेवण नीट गेलं नाही. पण ज्याला कोंडून ठेवलं आहे त्याला खेळाच्या दरावर दोनशे ओळी लिहू देत नाहीत.

घरचं सांगते. आई कवठे महांकाळहून मावशीकडची सांडगी मिरची घेऊन आली आहे. विमानात चालते का म्हणून मला रोज विचारते. मी बघून सांगते म्हणते. आबांना विचारलं, तुम्ही का नाही जात? तर म्हणाले, "मी देश राखायचं काम केलंय, सोडायचं न्हाई." तू महिनाभर फोन केला नाहीस तेव्हा तेच आईला समजावत होते : पोस्टिंगवरच्या माणसाची चिठ्ठी आली न्हाई म्हंजे तो बरा हाय असं समजायचं. सुभेदारसाहेबांचा हिशेब सरळ असतो. त्यांच्या हिशेबात मुलगा खोटी पोस्टिंग सांगेल ही शक्यताच नाही.

तू गेलास त्या वर्षी जर्मनीतल्या विद्यापीठाची दोन प्रवेशपत्रं आली होती, एक तुझं आणि एक माझं. आबा म्हणाले होते, एकालाच धाडता येतंय, पोराला धाडू. हा मुद्दा इथे लागू नाही. मी तो इथे का लिहिला ते मलाही माहीत नाही. तू वाचून सोडून दे.

हमीपत्राचं काय ते कळव.

रेश्मा


सातारा, सोमवार, २ फेब्रुवारी

शिवतेज,

खेळ सुरू करणार नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना परवा, शनिवारी, खेळ दोन आठवडे आधी खुला झाला. सकाळी नऊला तू बोलावलंस आणि मी आले. दोन ओळींचा निरोप, मागच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर नाही. तरी आले. का, ते विचारू नकोस.

तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार असायला हवे होते. तू म्हणालास, झोप येत नव्हती. आवाज पूर्ण जागा होता.

खेळ चांगला केला आहे. दलदलीतल्या लोकांना आता पूर आणता येतो. तुझे किल्ले मात्र तसेच आहेत, आणि तू तसाच खेळतोस : आधी तट बांधायचा, मग आत कोण राहणार ते बघायचं.

कोपऱ्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा दिसतो. आपली चाल दुसऱ्यापर्यंत पोचून परत यायला किती वेळ लागतो त्याचा. जितकं अंतर, तितका तो मोठा. खेळ माझ्या मशीनवरून चालला होता. आदल्या संध्याकाळी मी त्या पत्त्यांच्या खेळात अश्लेषाला म्युनिकहून जोडून बघितलं होतं. तिच्यापुढे असाच आकडा एकशे साठच्या आसपास दिसत होता. तुझ्यापुढे चौदा. चौदा वाढतो का बघत बसले आणि त्या नादात माझा पूर्वेकडचा पूल गेला. तू म्हणालास, ताई, लक्ष कुठे आहे?

लक्ष चौदावर होतं. चौदा म्हणजे जर्मनी नाही. चौदा म्हणजे दुबईसुद्धा नाही. चौदा म्हणजे गाडी काढली तर जेवणाच्या वेळेला पोचता येईल.

मग ती गाडी आली. तुझा माइक चालू होता. आधी लांबून गाणं, मग बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज, मग अगदी खिडकीखाली : "सातारकर नागरिकांनो, ओला कचरा आणि सुका कचरा वेगवेगळा ठेवून सहकार्य करा." दोनदा. मागून कुणीतरी ओरडलं, आवं थांबा की, डबा आणतुया.

तू माइक बंद केलास. पडद्यावर तुझे घोडेस्वार माझ्या पाण्याच्या काठाला उभे होते आणि चाल तुझी होती. बऱ्याच वेळाने माइक सुरू झाला.

"ताई."

"ऐकतेय."

"आईला सांगू नको."

एवढं म्हणून तू गेलास. तुझी चाल अजून तशीच आहे.

मला हसू आलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी जर्मनीच्या सर्व्हरचे नकाशे काढून बसले होते आणि तुला पकडलं घंटागाडीने. मग हसू गेलं. जी तिसरी शक्यता मी लिहायला तयार नव्हते ती तीन आठवडे माझ्याजवळ होती, पण मी ती पुण्यात धरली होती, बेंगळुरूत धरली होती. साताऱ्यात धरली नव्हती. सांगलीहून अडीच तास. आबा दर महिन्याला इथे लष्करी कँटीनच्या कामाला येतात. तुझ्या खिडकीखालून गेलेही असतील.

मी काल रात्री इथे कामासाठी आले. इथून पुढे एका कारखान्यावर नवा काटा बसवतो आहोत. हे मुद्दाम ठरवलेलं नाही, पण तू संशय घेशील म्हणून सांगते. पोवई नाक्याजवळच्या लॉजवर उतरले आहे. सकाळी तीच घंटागाडी खालून गेली. तोच आवाज, तेच 'सहकार्य करा'. मी दात घासत गॅलरीत उभी होते.

तुला शोधणं अवघड नाही. कुठली गाडी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान कुठल्या पेठेत असते हे पालिकेला एक फोन करून कळलं असतं. त्या पेठेत, खाली डबा धरून पळणारं कुणीतरी असेल अशा घरात, वरच्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या मुलाची चौकशी केली असती. चहाच्या गाड्यावरसुद्धा सांगितलं असतं.

मी केली नाही. आज संध्याकाळी कामावरून परतताना नाक्यावर गाडीतून उतरले, एक मुलगा पाठमोरा दिसला, तुझ्यासारखा डावा खांदा पाडून चालणारा. मी उलट्या दिशेने चालू लागले आणि औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदार काय देऊ म्हणाला. मी काहीतरी मागितलं. तो तू होतास की नाही मला माहीत नाही आणि मला ते असं माहीत करून घ्यायचं नाही.

घरी एकच कॉम्प्युटर होता तेव्हा आपण कसं खेळायचो ते आठवतं का? एकाची चाल चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. समोर आबांच्या पलटणीचा फोटो. तू फोटोच्या काचेत पडदा बघायचास. तुला वाटायचं मला कळत नाही. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. म्हणून मी आधी तुझ्या डोळ्यांसाठी एक खोटी चाल करायचे, मग काच झाकली जाईल अशी पुढे वाकून ती रद्द करायचे आणि खरी चाल करायचे. सगळ्या लढाया मीच का जिंकायचे याचं कारण तू अजून शोधत असशील तर ते हे.

तू काचेत बघायचास. मी कधी बघितलं नाही. आजही नाही बघितलं.

रेश्मा


पलूस, सोमवार, ९ फेब्रुवारी

शिवा,

रजा टाकून घरी आले आहे. हे शेवटचं पत्र. म्हणून जे राहिलं आहे ते सगळं लिहिते.

आधी त्या भेटीबद्दल. आठ दिवस मी ती तुझी चूक समजत होते. कारखान्यावर काटा जुळवताना एक वजन पुन्हा पुन्हा ठेवावं लागतं, तेव्हा डोकं रिकामं असतं, आणि त्यात मला अर्जेंटिना आठवलं. तू अकरावीत होतास. थॉर्नमार्कचा दुसरा भाग अर्जेंटिनात कवडीमोलाने मिळतो म्हणून तू खात्याचा देश बदललास. खातं महिनाभर बंद झालं. तो महिनाभर तू त्या स्टोअरचे सगळे नियम वाचलेस, मला ओसरीवर बसवून समजावलेस : देश कसा ठरतो, पैसे कुठून यावे लागतात, भेट कुठे जाते आणि कुठे जात नाही. माझ्या पहिल्या पत्रात जे तुला सुनावलं आहे ते मला तूच शिकवलं होतंस.

मग तुला माहीत नव्हतं असं कसं होईल?

माझ्या वाढदिवसाला तू मला ऑनलाइन मागवून एखादं पुस्तक पाठवू शकला असतास, फुलं पाठवू शकला असतास. कशावरच पाठवणाऱ्याचा प्रदेश लिहिलेला नसतो. तू नेमकी तीच वस्तू पाठवलीस जी फक्त इथूनच येऊ शकते, आणि जी बघून ते ओळखेल असं माणूस घरात एकच आहे. मी फार शंकेखोर आहे, त्यामुळे माझं चुकत असेल. पण ती चूक नव्हती असं मला वाटतं. तुला तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून तू ते मी शोधून काढावं अशा ठिकाणी ठेवलंस.

तसं असेल तर मी शोधलं. पण माझं काम तिथेच संपतं. पुढचं तुझं आहे.

आता घरचं. आईने बॅग भरली आहे. अजून व्हिसा नाही, तिकीट नाही, तरी भरली आहे. खाली सांडगी मिरची, वर तुझ्यासाठी स्वतः विणलेला स्वेटर, गडद निळा. शेजारची बनाबाई येऊन रोज बॅग उघडून बघते आणि टोमणे मारते. परवा म्हणाली, "अंजना, जर्मनीला निगालीस का पोरीची पाठवणी करतीस?" आई म्हणाली, पाठवणीला एवढी मिरची देत न्हाईत. दोघी हसल्या. आईने शाळेतल्या गुरुजींकडून तिकडचा नमस्कार शिकून घेतला आहे. म्हशीला वैरण टाकताना तो म्हणते.

काल दुपारी ती स्वेटरची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली. मी समोर लॅपटॉप घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो तिसरा हिवाळा. फोनवर कवा बघावं तर अर्ध्या बाह्यांचा शर्ट."

मी म्हटलं, तिकडे घरं आतून गरम असतात.

"आसत्याल," म्हणाली. घडी घालून झाली. मग म्हणाली, "रेशमे, मी तिकडं गेल्यावर तो असंल न्हवं?"

शिवा, मी दिवसभर यंत्रांना प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं तर पकडते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि मला ते देता आलं नाही. मी म्हटलं, विचारते त्याला. ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

म्हणून विचारते आहे.

ती किती ओळखून आहे ते मला माहीत नाही. तीही बहुतेक भिंतीकडे तोंड करून बसली आहे. पण १८ तारखेला तिला एका टेबलासमोर उभं राहून लेकाकडे जाते असं म्हणावं लागेल. ती ते खरं समजून म्हणेल. त्या टेबलापलीकडच्या माणसाने कागद बघून नाही म्हटलं, तर ती बातमी तिला एका परक्या माणसाकडून, परक्या भाषेत मिळेल. आबा बाहेर बाकावर बॅग धरून बसलेले असतील. हे मी होऊ देणार नाही. आणि तुझ्याऐवजी मी तिला सांगावं, हेही करणार नाही. ते सोपं पडेल, तुला आणि मलाही. पण मग तू इथे परत कधी येशीलसं वाटत नाही.

तू तिथून का परतलास, कधी परतलास, साताऱ्यात काय करतोस, यातलं काहीही मी आत्ता विचारत नाही. आबा ओरडतील. दोन दिवस जेवणार नाहीत, मग मळ्यात पाणी पाजायला तुला बरोबर नेतील. त्यांचं तसंच आहे. तुला आबांची भीती नाही, हे मला माहीत आहे. तुला भीती माझी आहे. माझ्या वाट्याची जागा घेऊन गेलास आणि तिचं काय केलंस, असं मी विचारीन म्हणून. बरोबर आहे. मी विचारणार आहे. पण समोरासमोर, आणि सगळ्यात शेवटी.

आबांचा फोटो अजून त्याच भिंतीवर आहे. मी त्याच्यासमोर बसून हे लिहिते आहे. काचेवर कॅलेंडर टांगलं आहे, म्हणजे काही दिसायला नको.

घंटागाडीपासून तुझी चाल थांबून आहे. खेळातली नंतर कर. आधी ही.

मला दोनच गोष्टी कळव : आईला तू सांगणार की नाही, आणि फोनवर की घरी येऊन. कारण नको, माफी नको, हसरा चेहरा नको. आई-आबा मंगळवारी मुंबईला निघतात, त्यामुळे त्याआधी तिची वेळ रद्द करायला मला सोमवारचा दिवस लागेल.

रविवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

रेश्मा